पन्नास रुपयांचा विसार

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं माझं वागणं वाचून कुणी नाक मुरडायला नको. माझी लेक रंगानं, उंचीनं, हट्टानं माझ्यावर गेली, पण तिची जीभ माझ्यासारखी सुटत नाही. ती ऐकते, साठवून ठेवते आणि नेमकं नको तेव्हा बाहेर काढते. ही गोष्ट ती तिसरीत असतानाची. अजून फार वर्षं झाली नाहीत.

आमची वस्ती पाथर्डीपासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याला. जमीन मुरमाड, पाण्याची बोंब. तिथं मी दीड एकर डाळिंब लावलं तेव्हा गावानं मला वेड्यात काढलं. आमचे हे पाथर्डीत हार्डवेअरच्या दुकानात कामाला, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. त्यामुळं बाग म्हणजे सगळी माझीच उठाठेव. शेततळं खोदण्यापासून ते झाडाच्या बुडाशी ड्रिपरचं तोंड साफ करण्यापर्यंत सगळं मी केलं. पहिल्या वर्षी झाडं जगवायला टँकर आणले, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, एवढ्या पाण्यात अख्ख्या गावाची अंघोळ झाली असती." मी म्हटलं, "भावजी, तुम्ही आधी अंघोळ तर करा, मग बघू." त्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मला काही फरक पडला नाही.

पण घरात एक गोष्ट ठरली होती, आणि ती यांनी सरळ तोंडावर सांगितली होती. पहिला माल बऱ्या भावानं गेला तर बाग राहील. नाही गेला तर जेसीबी लावून झाडं उपटायची आणि पुन्हा बाजरी पेरायची. यांचं चुकत होतं असंही नाही, चार वर्षं आमच्या चौघांच्या तोंडचं काढून त्या झाडांना घातलं होतं. मी "बरं" म्हटलं. पहिला माल त्या डिसेंबरात यायचा होता.

आता विसाराचं सांगते. हल्लीच्या लोकांना तो शब्द माहीत असतो, पण त्याचं वजन माहीत नसतं. सौदा ठरला की घेणारा देणाऱ्याच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो, ती शेवटी एकूण पैशात वळती होते. रक्कम किती याला महत्त्व नाही. तो एकदा घेतला की माल त्याचा झाला. मग दुसरा कुणी कितीही भाव सांगो, त्याला ओट्यावरूनच वाटेला लावायचं.

हे माझ्या लेकीला कुणी शिकवलं? मीच शिकवलं, दुसरं कोण. त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही म्हैस विकली होती. जनावरांचा व्यापारी, ज्याला आमच्याकडं हेड्या म्हणतात, तो आला. त्यानं आणि माझ्या सासूबाईंनी उपरण्याखाली हात घातले आणि बोटं दाबून भाव ठरवला. तोंडानं दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होते आणि उपरण्याखाली हजाराची घासाघीस चालली होती. लेक डोळे फाडून बघत होती. शेवटी हेड्यानं विसाराची नोट काढली ती सासूबाईंच्या हातात दिलीच नाही. "घरच्या लक्ष्मीच्या हातात देतो" म्हणून लेकीच्या हातात ठेवली. पोरगी एवढी फुगली, की दोन दिवस जमिनीवर पाय टेकेनात.

दुसऱ्या दिवशी दुसरा एक जण जास्त भाव घेऊन आला. चांगला चार हजारांनी जास्त. मी त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवला. लेकीनं विचारलं, "आई, चार हजार सोडले?" मी तिला पुढ्यात बसवून भलंमोठं भाषण दिलं. विसार घेतला म्हणजे जिभेला कुलूप लागलं, मग दारात साक्षात देव आला तरी त्याला हात जोडून परत पाठवायचा, वगैरे. मला असं बोलायला फार आवडतं. ऐकणारं लहान असलं की आणखी आवडतं.

त्या भाषणाचा परिणाम पोरीवर लगेच दिसला. आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली, तर हिनं वर्गातल्या मैत्रिणीकडून एका पिल्लाचा विसार म्हणून दोन चिंचा आणि एक खोडरबर घेतलं. मग तेच पिल्लू सासूबाईंच्या भाच्यानं मागितलं, तर ही त्याच्यासमोर दोन्ही हात जोडून उभी. "काका, विसार घेतलाय." काका पिल्लाविना परत गेले. आम्ही पोट धरधरून हसलो. तेव्हा हसायला आम्हाला काय जात होतं.

मार्गशीर्षात माल तयार झाला. लाल, टपोरा, झाडं वाकलेली. मी एकेका झाडाजवळ उभी राहायची आणि उगाच फळाला हात लावून यायची. पण वरून आभाळ भरायला लागलं. टीव्हीवर अवकाळीचं सांगत होते. पिकल्या डाळिंबावर पाऊस पडला की फळ तडकतं, आणि तडकलं की ते ज्यूसवाल्याच्या भावानं द्यायचं, म्हणजे फुकट दिल्यातच जमा. माझ्या हातात फार तर आठ दिवस होते.

पहिला व्यापारी नगरकडचा होता. म्हातारा, पांढरी टोपी, कमरेत वाकलेला, पण फळावर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून ते पिकलंय का सांगणारा. बुधवारी आला. मी घरात सासूबाईंबरोबर चहाची गडबड करत होते, तोवर लेक त्याच्या मागं मागं बागेत फिरली. त्यानं एक फळ फोडून तिला दाणे दिले. तिनं खाल्ले आणि सांगितलं, "गोड हाय, पण उजव्या अंगाच्या झाडांचं आनखी गोड हाय, तुमी चुकीच्या झाडाचं तोडलं." म्हातारा म्हणाला, "व्हय का? मग मला घिऊन चल की." दोघं फिरून परत आली तेव्हा जुनी दोस्ती असल्यासारखी बोलत होती.

ओट्यावर बसून त्यानं पाणी पिलं, चहा पिला. म्हणाला, "ताई, ऐंशी." म्हणजे किलोला ऐंशी रुपये. मी म्हटलं, "शंभर." त्यानं आभाळाकडं बघितलं. मी पण बघितलं. तो म्हणाला, "ऐंशीच्या वर जमायचं न्हाई. बघा, इचार करा. मी पन बघतो." झालं, सौदा तिथंच लोंबकळला. उठताना त्यानं खिशातून पन्नासाची नोट काढली आणि लेकीच्या हातात ठेवली. "घे गं लक्ष्मी, ठेव." मी रीतीप्रमाणं "कशाला, कशाला" म्हटलं. पाहुणा लहान पोराच्या हातावर काहीतरी ठेवूनच जातो, त्यात काय विशेष? मी कपबशा उचलल्या आणि विसरून गेले. लेकीनं ती नोट चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवली.

दुसरा व्यापारी राहुरीचा. तरुण, फोनवर बोलणारा. मी पाठवलेले फळांचे फोटो बघून तो म्हणाला होता, "ताई, माल फोटोसारखाच असला तर नव्वदच्या खाली बोलणार नाही, वर काय ते समोर बघू. रविवारी येतो." माझा जीव त्या रविवारावर टांगला होता. त्या ऐंशीवाल्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात केव्हाच वाटेला लावलं होतं.

शनिवारी शेजारच्या गावात दहावा होता, जवळच्या नात्यातला. मी आणि सासूबाई सकाळीच गेलो. लेकीची सकाळची शाळा, ती अकराला घरी येणार होती. वस्तीवर तसं कुणी नव्हतं, आमच्या आजूबाजूची सगळी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. पण दिवसाचं काय भ्यायचं? भाकरी झाकून ठेवली होती. दहाव्याला गेल्यावर फोन पिशवीत पडला आणि पिशवी कुणाच्या तरी चुलीमागं. आम्ही परत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

लेक ओट्यावर पाय हलवत बसली होती. मला बघून उठली, आणि एखाद्या मोठ्या माणसानं कामाचा निरोप द्यावा तशी म्हणाली, "आई, राहुरीचे येऊन गेले. एक दिवस आधीच आले. त्यांना काम हुतं इकडं."

"मग? बाग बघितली? काय म्हणाले?"

"मी बागेत जाऊच दिलं न्हाई. म्हटलं, आमचा माल गेला. विसार घेतलाय."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. अक्षरशः पडली, दहाव्याहून येताना घेतलेले कांदे ओट्यावर घरंगळत गेले. "कुणाचा विसार?" मी ओरडले. "कसला विसार? कुणी घेतला?"

"मी घेतला. बुधवारी. तू तिथंच हुतीस की."

तिनं आत जाऊन कंपासपेटी आणली, उघडली, आणि ती चार घड्यांची पन्नासाची नोट माझ्यापुढं धरली.

आधी मला कळेचना. कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. "अगं मूर्खे, ते खाऊचे पैसे होते! पन्नास रुपयांचा कुणी विसार देतं का? आमचा भाव तरी ठरला होता का? तो ऐंशी म्हणाला, मी शंभर म्हणाले, मोडलं तिथंच!" तिनं शांतपणे सांगितलं, की खाऊ देणारे पाहुणे "खाऊला घे" म्हणतात. हे बाबा तसं म्हणाले नाहीत, हे हेड्यासारखं "लक्ष्मी" म्हणाले. आणि भाव तुम्ही मोठी माणसं मोठ्यानं बोलतच नाही, म्हशीच्या वेळी कुठं बोलला होता?

आता यावर आई म्हणून काय बोलावं?  मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तिनं पाठ चोळली, पण रडली नाही. नोट तेवढी घट्ट मुठीत धरली. आजही तो धपाटा आठवला की माझाच हात मला परका वाटतो.

मी राहुरीला फोन लावला. तो माणूस हसत होता. "ताई, तुमच्या पोरीनं मला देव करून परत पाठवलं. हात जोडून म्हणाली, आई म्हणती देव आला तरी परत पाठवायचा." मी म्हटलं, "दादा, पोरगी लहान आहे, तिला काही कळत नाही, ते खाऊचे पैसे होते, तुम्ही या." तर त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "ताई, राग मानू नका. पोरीनं ज्या नगरच्या म्हाताऱ्याचा विसार सांगितला, त्याच्याबरोबर आमचं रोजचं बसणं-उठणं आहे. ज्या बागेत दुसऱ्याचा विसार पडलाय म्हणून मी कानानं ऐकलं, तिथं मी पाय ठेवत नाही. त्यानं मला फोनवर एवढंच सांगावं, की ते खाऊचे होते. मी उद्या दुपारपर्यंत पाथर्डीत आहे, लगेच येतो."

म्हणजे सगळं त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर येऊन थांबलं. त्याला फोन केला. काय ते फोनवर बोलले नाही, नुसतं "उद्या सकाळी येऊन जा" म्हटलं. तो "येतो की" म्हणाला, आनंदानं.

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, मी चारपट ओरडले असते. पण ते नुसते बागेच्या बाजूला बघत म्हणाले, "जेसीबीवाल्याचा नंबर हाय माझ्याकडं." मी जेवले नाही. लेकीला जवळ बोलावून म्हटलं, "उद्या ते बाबा आले की ही नोट त्यांना परत द्यायची आणि म्हणायचं, खाऊ नको. कळलं? बाकी काही बोलायचं नाही. कुणाला कळतंय कसला विसार आणि कसलं काय."

ती माझ्याकडं बघत राहिली. आठ वर्षांची पोर. मग म्हणाली, "पन म्हशीच्या वेळी तू चार हजार सोडलेस." मी म्हटलं, "झोप आता." 

रविवारी सकाळी म्हातारा आला. आभाळ पार खाली आलं होतं. मी त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. राहुरीवाल्याचंही सांगितलं. म्हटलं, "बाबा, तुमचा एक शब्द पाहिजे. ती नोट खाऊची होती एवढं त्या माणसाला फोनवर सांगा."

मी हे सांगितलं हीच माझी चूक. समोर व्यापारी बसलाय हे मी विसरले. म्हाताऱ्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. बारीक डोळ्यांनी लेकीकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, पोरगी खोटं कशाला बोलंल? इसारच हुता की त्यो."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. "काय?"

"इसारच हुता. ऐंशीनं. लक्ष्मीच्या हातात दिला. तिनं घेतला, तुमी तितंच हुता, न्हाई म्हनला न्हाई. आता राहुरीकराला मी काय खोटं सांगू?"

 हे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ऐंशीनं माल गेला तर काय होईल हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. खर्च निघेल, बाकी हात रिकामे, आणि झाडांना जेसीबी. आणि मी काय म्हणणार? माझ्याच पोरीनं काल एका व्यापाऱ्याला विसार घेतला म्हणून परत पाठवलं होतं. माझ्याच भाषणानं मला बांधून टाकलं होतं. इतकी वर्षं मी कुणापुढं डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, पण तेव्हा आलं. रागाचं आलं, भीतीचं आलं, कशाचं कुणास ठाऊक.

लेक उंबऱ्यात बसली होती. ती उठली. कंपासपेटी तिच्या हातात होती.

"ऐंशी न्हाई," ती म्हणाली. "पंच्यान्नव."

म्हातारा हसला. "पंच्यान्नव कुठून आनलं गं?"

"तुमीच म्हनलात. बागेत. त्या लिंबाखाली उभं राहून फोनवर." आणि मग तिनं त्याचं बोलणं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं, खोकल्यासकट. "'माल एक नंबर हाय. पंच्यान्नवला पडली तरी ही बाग सोडायची न्हाई. बाईला मी ऐंशी सांगतो, आभाळ आलंय, ती येती खाली.' असं म्हनलात. मग वर आलात, चहा पिलात, ऐंशी म्हनलात. तेव्हा मला वाटलं मोठी माणसं वर एक बोलतात आनि उपरण्याखाली दुसरं ठरवतात. मग तुमी मला नोट दिली. मग ती पंच्यान्नवचीच ना?"

 पोरीला आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. ती त्याला पकडत नव्हती, खिंडीत गाठत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. बुधवारपासून ती पोर हाच सौदा मनात धरून बसली होती, की आईनं बाग पंच्याण्णवला दिली आणि सगळ्यांना ते माहीत आहे.

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. मी तोवर डोळे पुसले होते आणि माझी जीभ जागेवर आली होती. म्हटलं, "बाबा, आता तुम्हीच सांगा. खाऊ असेल तर राहुरीला फोन लावा. विसार असेल तर भाव पोरीनं सांगितलाय."

तो हसायला लागला. आधी हळूच, मग खो खो, मग खोकत, गुडघ्यावर थापा मारत. "मायला," तो म्हणाला, "पन्नास वरीस यापार केला, माज्या फोनवर कुनी पाळत ठेवली न्हाई. ह्या पोरीनं इकत घिऊन टाकलं मला." मग खोकला थांबल्यावर पाण्याचा घोट घेतला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "इसारच हुता, ताई. पंच्यान्नवचा. बोललो हुतो मी. गाडी उद्या लावतो, पाऊस यायच्या आत."

यांनी भिंतीचा आधार सोडला आणि सरळ बागेकडं चालायला लागले. का गेले ते कुणाला सांगितलं नाही. मागून बघितलं तर एका झाडाच्या खोडावर हात ठेवून उभे होते.

सोमवारी तोडणी झाली. मजूर मिळेनात, सगळे उसावर गेलेले. मी, सासूबाई, हे सुट्टी टाकून, दीरसुद्धा आले. एकही टोमणा न मारता चाळीस कॅरेट त्यांनी उचलली. लेक शाळा बुडवून प्रत्येक कॅरेट मोजत होती. गाडी भरली, वजन झालं, म्हाताऱ्यानं कागदावर हिशेब लिहिला. सगळ्यात खाली त्यानं लिहिलं, विसार वजा पन्नास. मला दाखवलं. त्याच्या डोळ्यांत मस्करी होती, पण त्यानं ते लिहिलं होतं खरोखरच. विसार म्हटल्यावर तो वजा व्हायलाच पाहिजे.

लेकीनं कंपासपेटी उघडली, नोट काढली आणि माझ्या हातात दिली. "घे. हे बागेचे."

त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. शाळेच्या फाटकावर भेळवाला बसतो. बुधवारपासून शनिवारपर्यंत ही पोर रोज त्याच्यासमोरून गेली. सगळ्या मैत्रिणी खायच्या, आणि हिच्या कंपासपेटीत पन्नास रुपये होते. तिच्या आयुष्यात एवढे पैसे एकदम तिच्या हातात कधी आले नव्हते. तिनं एक रुपया मोडला नाही. मी नोट घेतली तेव्हा तिचा खालचा ओठ जरा हलला, आणि ती पटकन वळून रिकामी कॅरेट रचायला गेली. म्हातारा तेच बघत होता.

गाडीत चढायच्या आधी तो खाली वाकला आणि आणखी एक पन्नासाची नोट तिच्यापुढं धरली. लेकीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आधी सांगा. खाऊ का विसार?"

"खाऊ गं माय, खाऊ."

"आईसमोर सांगा."

म्हातारा माझ्याकडं वळला, हात जोडले आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडला, "ताई, खाऊऽऽ!" वस्तीवर ऐकायला आमच्या कुत्रीशिवाय कुणी नव्हतं, ती भुंकली. तेव्हा कुठं पोरीनं नोट घेतली आणि जी पळत सुटली, ती थेट शाळेकडं.

अर्ध्या तासानं ती दोन भेळी घेऊन आली, एक माझी. आम्ही रिकाम्या झाडांकडं तोंड करून बांधावर बसलो. तिकडं डोंगरावर पाऊस सुरू झाला होता, आमच्याकडं यायला थोडा वेळ होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, जिथं धपाटा बसला होता तिथं. मला "चुकलं" म्हणायचं होतं. ते मला पटकन म्हणता येत नाही.

तिनंच विचारलं, "आई, तू खरंच नोट परत देनार हुतीस?"

मी म्हटलं, "व्हय. देणार होते." खोटं बोलायचं होतं कुणाशी, हिच्याशी?

"आनि त्या राहुरीच्यांना बागेत जाऊ दिलं असतंस? विसार घेतला असतानाही?"

"जाऊ दिलं असतं."

तिनं भेळीतला कांदा बाजूला केला, शेवटचा घास नीट चावून गिळला, आणि एखाद्यानं दुसऱ्याचं पोर सांभाळून परत द्यावं तशा मायेनं माझ्याकडं बघत म्हणाली,

"मग बरं झालं, त्या दिवशी तू घरी नव्हतीस."